लुई विरुद्ध मार्सियानो, टपालाने

जे. पी. नगर, बेंगळूर
९ जानेवारी २०२५

श्री. हणमंतराव व्याही यांस बसवंतचा सप्रेम नमस्कार.

पत्राला फार उशीर झाला, त्याबद्दल आधी हात जोडतो. तुम्ही म्हणत असाल, बसवंत घाबरून रिंगणातून पळाला. तसं नाही. चौथ्या राउंडचं कार्ड मी वेळेवर लिहिलं आणि वेळेवर टाकलंही. फक्त चुकीच्या पेटीत टाकलं.

आमच्या इमारतीत लिफ्टशेजारी नवी पेटी लावली आहे. लाल रंगाची, कुलूपवाली, वर फट. बाजूला इंग्रजीत काहीतरी लिहिलं आहे. सातवी शिकलेल्या माणसाने लाल पेटी बघितल्यावर काय करायचं? ती निघाली रहिवाशांच्या तक्रारींची. मीटिंगमध्ये उघडली, तर पाण्याच्या टँकरच्या चिठ्ठ्यांत माझं मराठी कार्ड. तिसऱ्या मजल्यावर पुण्याची सिद्धी राहते, तिला वाचायला लावलं. तिने सगळ्यांसमोर वाचलं, "मागच्या वेळी वाचलात. आता डाव्या हाताने तुमचं नाक मोजतो आणि उजव्याने जबडा उतरवतो."

सेक्रेटरीने आदल्याच आठवड्यात मला गच्चीवर सांडगे वाळवू नका म्हणून सांगितलं होतं. त्याला वाटलं, हे त्यालाच. कार्डावर तुमचं नाव-गाव होतं, पण ते कोण बघतो? सगळ्यांनी जबडाच धरून ठेवला. सिद्धी धावत वर आली. म्हणाली, "काका, हे सिरीयसली धमकीसारखं वाटतंय हो! खाली या आणि एक्सप्लेन करा."

 मी खाली जाऊन सांगितलं की हणमंतराव देसूरकर हे माझ्या सुनेचे वडील, खानापूरला एकटे असतात, पूर्वी पलटणीत बॉक्सिंग करायचे. कान गेल्यामुळे त्यांना फोन चालत नाही, म्हणून आम्ही टपालाने लढत लावली आहे. माझा ज्यो लुई, त्यांचा रॉकी मार्सियानो, दोघेही जुने हेवीवेट चॅम्पियन. प्रत्येक पत्रात एक राउंड. नियम असा की आपण फक्त ठोसा मारायचा. तो लागला की चुकला, हे समोरच्याने इमानाने लिहायचं.

सेक्रेटरीने सगळं ऐकून घेतलं. मग ठीक आहे म्हणून मान हलवत म्हणाला, "सरी, सरी. पण अंकल, टायसन का नाही?" आता तो रोज लिफ्टमध्ये विचारतो, कोण पुढे आहे.

तर चौथा राउंड तोच. डाव्याने नाक, उजव्याने जबडा. खरं लिहा. आणि तब्येतीचंही लिहा. तुमच्या मागच्या पत्रावर हळदीचा डाग होता. खाण्याचा होता की कुठे लावली होती, म्हणून जीवाला घोर लागला आहे.

आपला,
बसवंत काकतकर

---

खानापूर
१७ जानेवारी २०२५

बसवंतराव,

डाग आमटीचा होता. जेवताना पत्र लिहिलं तर माणूस मरत नाही. मागच्या दिवाळीत पाकिटावर तिकीट तिरकं लावलं, तर मला अर्धांगवायू झाला असं तुम्हाला वाटलं होतं. तुमच्या काळजीला एकदा डॉक्टर दाखवा.

तुमचं नाक-जबडा दोन्ही चुकलं. मार्सियानो बुटका आहे, हे तुम्ही दर वेळी विसरता. तो वाकून खालून आत शिरतो. तुमच्या लुईचा हात त्याच्या डोक्यावरून गेला, केसांना थोडा वारा लागला, बस. आणि तुमच्या लुईची जुनी खोड ऐका. डाव्याने मारलं की तो हात खाली सोडतो. जर्मन श्मेलिंगने तेच हेरून छत्तीस साली त्याला आडवा केला. आता माझा उजवा त्याच वाटेने आला आहे. लागला की चुकला, ते शपथेवर लिहा. शिवाय ते दोघे एक्कावन्न साली खरोखर लढले आणि आठव्या राउंडला लुई दोरांतून बाहेर गेला, हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. तुम्ही मेलेल्याला नाडी आहे का बघताय.

पोरीने व्हिडिओ कॉलवर तोंड दाखवलं. ऐकू येत नाही, पण तोंडावरून कळलं, परत "बाबा, इकडे या" चाललंय. तुम्हीच समजवा तिला. नातवंड झाल्याशिवाय लेकीच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, ही आमच्याकडची पद्धत. माझ्या वडिलांनी पाळली, मी पाळणार. त्या दोघांनी ठरवलंय मूल नको, मी ठरवलंय पाणी नको. त्यांचं मी ऐकलं, माझं त्यांनी ऐकावं.

सेक्रेटरीला सांगा, टायसन आला तर त्यालाही बघून घेऊ.

हणमंतराव

---

जे. पी. नगर, बेंगळूर
२६ जानेवारी २०२५

श्री. हणमंतराव यांस सप्रेम नमस्कार.

लागला. शपथेवर लिहितो. गालफडावर लागला, लुईचा गुडघा क्षणभर वाकला, पण पडला नाही. मला जे लागतं ते मी लिहितो. तुमचा मार्सियानो मात्र पहिल्या राउंडपासून एकही ठोसा खात नाही. डास आहे की माणूस?

एक्कावन्न सालचं काढू नका, हणमंतराव. तो लुई सदतीस वर्षांचा होता. एकदा निवृत्त झालेला, डोक्यावरचे केस विरळ झालेले. तो लुई नव्हे, लुईचा झालेला म्हातारा. म्हाताऱ्याला पाडण्यात काय मोठं? म्हणतात की जिंकून सुद्धा मार्सियानो त्याच्या खोलीत जाऊन रडला. मी अडतीस सालचा लुई आणला आहे, ज्याने त्याच श्मेलिंगला पहिल्या राउंडमध्ये झोपवलं.

तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं, आता सांगतो. शहापूरच्या माझ्या फ्रेमच्या दुकानात तुम्ही पहिल्यांदा आलात, वर्दीत, मासिकातून कापलेलं मार्सियानोचं चित्र घेऊन. काच पुसताना मी पान उलटलं. मागच्या बाजूला लुई होता. एक चौकटीत बसला की दुसरा कायमचा पुठ्ठ्याकडे तोंड करून राहणार. मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून मी लुईच्या बाजूचा. पुढे आपण व्याही होऊ, असं काही मनात नव्हतं.

इकडे माझा दत्ता आणि तुमची प्रणिता सकाळी बेळ्ळंदूरला कामाला जातात, ते वाहनांच्या गर्दीतून परत येतात तेव्हा माझं जेवण होऊन गेलेलं असतं. कोपऱ्यावरच्या दर्शिनी हॉटेलात मी उभ्याने कॉफी पितो. तिथला पोऱ्या विचारतो, "अज्जा, स्वल्प साखर?" दिवसभरात माझं तेवढंच बोलणं होतं.

माझ्या खोलीत खिडकीखाली दुसरा पलंग आहे. रिकामाच. तुम्ही लेकीकडे म्हणून येऊ नका, माझ्याकडे म्हणून या. भात मी लावतो, मला येतो. पाणी नळाचं आहे, नळ कुणाच्या लेकीचा नसतो.

पाचवा राउंड. लुई मागे सरत नाही, हात खाली सोडत नाही. डावा, डावा, आणि मग आखूड उजवा बरगडीत. आता तरी खरं लिहा.

आपला,
बसवंत

---

खानापूर
२० फेब्रुवारी २०२५

बसवंतराव,

उशीर झाला. काजूचे दिवस जवळ आले, राखण, कुंपण, कामं असतात.

बरगडीतला चुकला. या राउंडला मार्सियानो पुढे आला नाही. कोपऱ्यात स्टुलावर बसून आहे. मग उठला आणि दोराला टेकून उभा राहिला. घाबरला असं समजू नका. डाव आहे. किन्शासाला अलीने फोरमनला असंच दमवलं होतं. दोराला टेकायचं, मारू द्यायचं. शेवटी कोण पडलं, ते आठवा.

पलंगाचं नाव काढू नका. पद्धत म्हणजे पद्धत.

यल्लव्वा दूध घेऊन येते, ती म्हणते काकतकर मामांना नमस्कार सांगा.

ह. दे.

---

जे. पी. नगर, बेंगळूर
२७ फेब्रुवारी २०२५

श्री. हणमंतराव यांस नमस्कार.

तुमचं पत्र वाचल्यापासून मला नीट झोप नाही. हसू नका.

मार्सियानो दोराला टेकत नाही. एकोणपन्नास लढती जिंकला, एकही हरला नाही, आणि त्या सगळ्या पुढे चालून. दोराला टेकणं अलीचं काम, मार्सियानोला ते येतच नाही. हे मला तुम्हीच शिकवलंत. दुकानात काउंटरवर हात आपटून शिकवलंत, माझी एक काच फुटली होती.

आणखी, तुमचं पत्र पेन्सिलीने आहे. तुम्ही पेन्सिलीला हात लावत नाही, शाळकरी पोरांचं काम म्हणता. माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा मी पाठीवर पडून दत्ताला चिठ्ठी लिहायला गेलो, तर पेन चालेना. उताण्या माणसाच्या हातात पेन सुकतं. मग नर्सबाईंनी पेन्सिल दिली.

आणि प्रणिता परवा स्वयंपाकघरात म्हणाली, "अप्पा, व्हिडिओत बाबा आता ओसरीवर दिसत नाहीत. दर वेळी पाठीमागे तीच भिंत."  मी दोन चपात्या जास्त खाल्ल्या.

मला माहीत आहे, मी आमटीच्या डागावरून सुद्धा घाबरतो. दहांतल्या दहा वेळा चुकतो. या वेळीही चुकलो तर सगळ्यांत जास्त आनंद मला होईल. पण सहाव्या राउंडला मी बाकी काही मारत नाही. एकच ठोसा आहे.

तुम्ही पडला आहात.

लागला की चुकला?

बसवंत

---

खानापूर
६ मार्च २०२५

बसवंतराव,

लागला.

न्हाणीघरात पडलो. साबण होता. डाव्या पायाचं हाड मोडलं, गुडघ्यापर्यंत प्लास्टर आहे. डोकं शाबूत आहे. यल्लव्वाने आरडाओरडा करून चार माणसं जमवली, मला बेळगावला नेलं, परत आणलं. ती भाकरी आणून देते. रोज कानाशी तोंड आणून ओरडते, "अण्णा, लेकीला कळवा की हो!" मी म्हणतो, तू दूध घालायला येतेस की वकिली करायला? ती म्हणते, "दोन्ही." रात्री भांडं लवंडलं तर सकाळपर्यंत ते तसंच असतं, एवढीच अडचण.

लढतीचंही खरं सांगतो. बरगडीतला लागला होता. त्याआधीचे दोनही लागले होते. मी लिहिलं नाही. लिहायला बसलो की हात वळत नाही.

पोरीला सांगू नका. हे मी तुमच्याकडे मागतोय, आणि मी कुणाकडे काही मागत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. ती गाडी घेऊन दारात येईल. मी नाही म्हणेन. ती रडेल. मला तिचं रडणं ऐकू येणार नाही, नुसतं दिसेल. ते मला बघवत नाही. आणि गेलो तर तिच्या घरात महिनोन् महिने बसून खाणार? लग्नात मी मांडवात उभं राहून म्हटलं होतं की तुझ्या दारात बाप हात पसरून येणार नाही. मोठ्याने म्हटलं होतं. तुम्ही तिथेच होतात.

मार्सियानो अजून हरलेला नाही. बसला आहे एवढंच.

हणमंतराव

---

जे. पी. नगर, बेंगळूर
१२ मार्च २०२५

श्री. हणमंतराव यांस सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र आलं. मी ते घेऊन गच्चीवर गेलो, तिथे वाचलं, परत वाचलं. सेक्रेटरी भेटला. म्हणाला, "अंकल, सहावा राउंड?" मी म्हटलं, लागला. तो म्हणाला, "सूपर!" मी पत्र खिशात घातलं.

दोन दिवस मी प्रणिताच्या समोर जायचं टाळलं. गुपित माझ्या पोटात राहत नाही, तुम्हाला माहीत आहे. पण सांगितलं नाही. काल एवढंच म्हणालो, "प्रणिता, जरा खानापूरला जाऊन यावं म्हणतो. व्याह्यांना भेटून बरेच दिवस झाले."

ती डबा भरत होती. तिने झाकण लावलं, परत उघडलं, परत लावलं. म्हणाली, "अप्पा, तुम्ही एकटे जे. पी. नगरच्या बाहेर जात नाही. येलहंक्याला लग्न होतं, तर दत्ताने सुट्टी घेतली तेव्हा आलात."

मी म्हटलं, "होय की."

"किती दिवस राहणार?"

"बघू. ते म्हणतील तोवर."

मग ती आत गेली आणि दत्ताच्या पाय मुरगळल्याच्या वेळची काठी घेऊन आली, खाली रबर असलेली. म्हणाली, "ही तुमच्यासाठी घेऊन जा. प्रवासात लागेल." माझे पाय ठणठणीत आहेत, हे तिला चांगलं माहीत आहे. मग म्हणाली, "मी गेले तर ते मला दारातूनच परत पाठवतील, आणि मी भांडून येईन. तुम्हाला नाही पाठवता येणार त्यांना." तिचे डोळे भरले होते. मी तिला कबूल काही केलं नाही. काठी मात्र घेतली.

तर हणमंतराव, तुमचीच पद्धत तुम्हाला सांगतो. लेकीच्या बापाने लेकीकडे जेवायचं नाही, ठीक. पण मुलाच्या बापाने व्याह्याकडे राहायचं नाही, असं कुठे आहे? उलट मी आलो की तुम्ही मला पाट मांडायचा, पंचपक्वान्न करायचं, जाताना टोपी-उपरणं द्यायचं. माझा मान आहे तो. तुमच्याने पाट मांडवत नसेल, तर पाट मी मांडतो, भातही मी लावतो, तुम्ही पडल्या पडल्या मान द्या. रात्री भांडं लवंडलं तर मी उठेन. माझी झोप तशीही सावध असते, काळजीने. आजवर तिचा कुणाला उपयोग झाला नव्हता.

मांडवात तुम्ही जे बोललात ते मी ऐकलं होतं. लेकीच्या दारात जाणार नाही, एवढंच बोललात. तुमच्या दारात कुणी येऊ नये, असं काही म्हटलेलं मला आठवत नाही.

लढतीचं असं. समोरचा स्टुलावर बसलेला असताना लुई मारत नाही. या राउंडला त्याने आपल्या कोपऱ्यातलं स्टूल उचललं आहे, रिंगण ओलांडलं आहे, आणि तो मार्सियानोच्या शेजारी ते मांडून बसला आहे. बॉक्सिंगच्या नियमात हे कुठे बसत नाही, मला ठाऊक आहे. पंच ओरडतो आहे. ओरडू दे. तुम्हाला ऐकू येत नाही, आणि लुईचं लक्ष नाही.

दत्ताने पुढच्या शुक्रवारची बेळगावची गाडी बघून दिली आहे, रात्रीची. मला त्यात झोप लागणार नाही. बेळगावला उतरल्यावर खानापूरची बस कुठून सुटते, जुन्या स्टँडवरून की नव्या? आता सगळं बदललं म्हणतात. तुमच्या गल्लीत ते तांबडं कुत्रं अजून आहे का? असेल तर यल्लव्वाला बांधून ठेवायला सांगा. तिथे पहाटे थंडी असते का, कानटोपी घेऊ का? माझ्या गोळ्या तिथल्या दुकानात मिळतात का? तांदूळ कुठला आहे घरात, जुना की नवा? नव्याला पाणी कमी लागतं, माझा भात गिचका होईल.

या सगळ्याचं उत्तर शुक्रवारच्या आत मिळायला हवं, म्हणून स्पीड पोस्टाने कळवा. यल्लव्वाकडून लिहवून घेतलंत तरी चालेल. "येऊ नका" असं लिहिणार असाल तर साध्या टपालाने पाठवा, म्हणजे मी निघाल्यावर पोचेल. पण काहीतरी लिहा, हणमंतराव, आणि लवकर लिहा. मी रोज खाली जाऊन बघतो आहे.

तुमचा,
बसवंत